आवाज वाटेत कुठे अडतो?

वर्गातल्या मुलांचे समूहगान, कवितेचे वाचन, गावातल्या एखाद्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या असे काही ध्वनिमुद्रित करायला आज स्टुडिओ लागत नाही. शाळेतला संगणक, बेताच्या किमतीचा मायक्रोफोन आणि ऑडॅसिटीसारखी विनामूल्य मिळणारी आज्ञावली एवढ्यावर काम भागते. निदान भागायला हवे. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी काहीतरी बिनसते. कधी मुद्रण झाल्याचे दिसते, पण त्यात आवाजच नसतो. कधी आवाजात मधूनमधून टक् टक् होते. कधी हेडफोनमधून आपलाच आवाज मागाहून ऐकू येतो आणि गाणाऱ्याची लय सुटते. कधी गाणे चक्क खालच्या पट्टीत वाजते. मग सुरू होते अंदाजपंचे दुरुस्ती. वायर बदलली जाते, आज्ञावली काढून पुन्हा बसवली जाते, संगणक चार वेळा बंद-चालू केला जातो. एखादे वेळी दोष जातो, पण नेमके कशाने गेला हे कळत नाही, आणि आठ दिवसांनी तो परत येतो.

आमचे म्हणणे असे की, हे सगळे दोष एकसारखे नाहीत. प्रत्येकाचे स्वतःचे लक्षण असते आणि ते लक्षण वाटेतल्या एका विशिष्ट ठिकाणाकडे बोट दाखवते. शिवाय यातले काही दोष मागाहून पूर्णपणे दुरुस्त होतात, तर काहींमध्ये आवाजाचा तुकडा कायमचा हरवतो. आजीबाई पुन्हा तशाच गातील याची खात्री नसते. म्हणून हा फरक आधीच माहीत असलेला बरा.

नळ, बादली आणि पोऱ्या

मायक्रोफोनच्या पडद्यावर हवेचा दाब कमी-जास्त होतो आणि त्याबरहुकूम विद्युतदाब बदलतो. हा बदल अखंड असतो. संगणकाला अखंड काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून एक छोटे मंडल ठरावीक वेळाने विद्युतदाब मोजते आणि आकडा नोंदवते. या एका नोंदीला आपण नमुना म्हणू. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात ४८,०००. हे मंडल संगणकाच्या आतच असते, किंवा यूएसबीने जोडायच्या मायक्रोफोनच्या पोटात, किंवा वेगळ्या छोट्या पेटीत. या पेटीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात.

आता नमुने तयार झाले तरी ते आज्ञावलीपर्यंत पोचायला हवेत. इथे ड्रायव्हरचा संबंध येतो. ड्रायव्हर म्हणजे विशिष्ट यंत्राची भाषा जाणणारा आणि ती संगणकाच्या मूळ प्रणालीला समजावून सांगणारा दुभाषा. दुभाषा चुकला, उशिरा आला किंवा एकाच वेळी दोन दुभाषे बोलू लागले, तर काय होईल ते सांगायला नको.

पण भाषेपेक्षाही अवघड प्रश्न वेळेचा आहे. एका अंगणातल्या नळाची कल्पना करा. नळ सतत सारख्या धारेने वाहतो आहे, तो बंद करता येत नाही. खाली बादली आहे. बादली भरली की पोऱ्याने ती उचलून हौदात ओतायची, तोवर नळाखाली दुसरी बादली ठेवलेली असते. नळ म्हणजे नमुन्यांचा प्रवाह, बादली म्हणजे बफर आणि पोऱ्या म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. अडचण अशी की पोऱ्याला हे एकच काम नाही. त्याला पडद्यावरचा बाण हलवायचा आहे, वाय-फायवरून आलेली पत्रे घ्यायची आहेत, बॅटरी किती उरली ते बघायचे आहे. दुसरी बादली भरायच्या आत तो परत आला तर ठीक, नाहीतर पाणी सांडले. सांडलेले नमुने परत मिळत नाहीत.

ऐकण्याच्या बाजूला हाच खेळ उलटा चालतो. तिथे बादलीतून पाणी सतत गळत असते आणि ती रिकामी व्हायच्या आत पोऱ्याने दुसरी भरून आणायची असते. उशीर झाला तर धार तुटते.

बादली केवढी असावी?

मोठी बादली ठेवली तर पोऱ्याला उसंत मिळते, सांडण्याची भीती कमी होते. मग सरळ मोठीच का ठेवू नये? कारण बादली पूर्ण भरेपर्यंत ती उचलली जात नाही. म्हणजे बादलीत पडलेला पहिला नमुना शेवटच्या नमुन्याची वाट बघत थांबतो. हा उशीर काढणे सोपे आहे: बादलीतल्या नमुन्यांना नमुनादराने भागायचे. सेकंदाला ४८,००० नमुने असतील, तर १२८ नमुन्यांच्या बादलीला २.७ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १,०२४ ला २१.३. आवाज आत येऊन पुन्हा हेडफोनपर्यंत जायचा असेल तर हे दोनदा धरायचे. त्यात मोजणारी मंडले आणि यूएसबीची ने-आण यांचे आणखी काही मिलिसेकंद मिळवायचे. या एकूण उशिराला लेटन्सी म्हणतात.

हा उशीर कितीसा मोठा? आपल्याकडच्या हवेत, तापमान ३० अंशांच्या आसपास असताना, ध्वनी १ मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटीमीटर जातो. तबलजी गवयापासून दीड मीटरवर बसला असेल तर त्यांच्यात ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशीर असतोच, आणि त्याबद्दल कोणीही तक्रार करत नाही. १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवरचा साथीदार, तेही चालते. पण ६० मिलिसेकंद म्हणजे वीस-एकवीस मीटर, शाळेच्या सभागृहाचे दुसरे टोक. दर मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, आणि मात्रेत चार बोल वाजत असतील तर एक बोल साधारण ६२ मिलिसेकंदांचा. म्हणजे ६० मिलिसेकंदांच्या उशिरात तबलजीला आपला ‘ति’ ऐकू येतो तेव्हा हात ‘र’वर गेलेला असतो! बोलण्याच्या बाबतीतही असेच आहे. स्वतःचा आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा कानावर पडला की माणूस अडखळू लागतो, हे १९५० मध्ये बी. एस. ली यांनी नोंदवून ठेवले आहे. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. त्यामुळे असे हेडफोन घालून गाताना लय सुटली तर गाणाऱ्याला दोष देऊ नये.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती सोडवून घेऊ. उशीर दोन ठिकाणी जाणवतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणे ही एक गोष्ट. आधी मुद्रित केलेल्या पेटीवर नंतर गाणे चढवले असता ते फाइलमध्ये मागे सरकलेले दिसणे ही दुसरी. दुसऱ्या दोषात काहीच हरवलेले नसते. गाण्याची पट्टी हव्या तितक्या मिलिसेकंदांनी पुढे ओढली की झाले. ऑडॅसिटीत यासाठी ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ नावाची सोयच आहे. तिचा मूळ आकडा उणे १३० मिलिसेकंद असतो, पण तो आपल्या यंत्राला लागू पडेलच असे नाही, मोजून घालावा लागतो. मात्र ही भरपाई गाणाऱ्याच्या कानातला उशीर कणभरही कमी करत नाही, कारण ती मुद्रण झाल्यानंतर होते.

गाणाऱ्याच्या कानासाठी उत्तम उपाय म्हणजे आवाज संगणकातून फिरवायचाच नाही. बऱ्याच इंटरफेसवर आणि काही यूएसबी मायक्रोफोनवर हेडफोनचे भोक असते आणि ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण असते. ते चालू केले की मायक्रोफोनचा आवाज पेटीतूनच थेट कानाशी येतो आणि बादलीचा प्रश्नच मिटतो. फक्त अशा वेळी आज्ञावलीतला ‘ऐकवा’चा पर्याय बंद करावा. दोन्ही चालू राहिले तर एकच आवाज दोन वाटांनी येतो आणि डब्यात बोलल्यासारखा पोकळ लागतो. दोन वाटांत १ मिलिसेकंदाचा फरक असेल तर ५०० हर्ट्झचा स्वर अर्ध्या आवर्तनाने मागे पडतो आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. १,५०० आणि २,५०० हर्ट्झचेही तसेच. अकरावीच्या पुस्तकातले व्यतिकरण असे कानाने ऐकायला मिळणे, हा या दोषाचा एक फायदाच म्हणायचा.

टक् आवाज येतो कुठून?

बादली सांडली किंवा रिकामी पडली की काही नमुने गायब होतात. लाट चढत असताना मधला तुकडा काढून दोन टोके जोडली तर जोडावर एकदम उडी दिसते. कोणतीही अचानक उडी म्हणजे सर्व वारंवारतांचे मिश्रण. म्हणून मूळ आवाज बासरीचा असो की तंबोऱ्याचा, तुटण्याचा आवाज नेहमी ‘टक्’ असाच येतो. लाट मोठी करून पाहिली तर ती जागा डोळ्यांनी दिसते.

अशा वेळी पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. तीच फाइल पुन्हा वाजवावी. टक् प्रत्येक वेळी त्याच जागी आले तर ते फाइलमध्ये शिरलेले आहे, म्हणजे मुद्रण करतानाच पाणी सांडले. जागा बदलत राहिली तर दोष फक्त वाजवण्यात आहे आणि फाइल धडधाकट आहे. आम्ही पाहिले आहे की ही परीक्षा न करता लोक चांगली मुद्रणे पुसून टाकतात.

‘पण आमचा संगणक तर पाचवा हिस्सासुद्धा वापरला जात नव्हता’, असे पुष्कळ जण सांगतात. खरे आहे, पण तो आकडा सरासरीचा असतो. सरासरी चार फूट खोलीच्या नदीतही माणूस बुडतो. प्रोसेसर सेकंदभरात ऐंशी टक्के वेळ रिकामा असेल. पण त्या सेकंदात एखाद्या क्षणी वाय-फायच्या ड्रायव्हरने त्याला सलग ८ मिलिसेकंद धरून ठेवले, आणि आपली बादली २.७ मिलिसेकंदांची असेल, तर त्या वेळात पाणी सांडायचेच. म्हणजे गोम अशी की, आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये काहीच खोट नसताना दुसऱ्याच कुठल्या तरी ड्रायव्हरमुळे आवाज तुटतो. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाची आज्ञावली मिळते. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला सर्वांत जास्त वेळ अडवून ठेवतो, हे ती नावानिशी दाखवते.

उपाय या कारणातूनच निघतात. मुद्रणाच्या वेळी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करावे. वीज वाचवण्याची सोय बंद करून पूर्ण क्षमतेची निवड करावी, कारण वीज वाचवताना प्रोसेसर डुलक्या घेतो आणि जागे व्हायला वेळ लावतो. मायक्रोफोन चार फाटे असलेल्या हबमध्ये न खोचता सरळ संगणकात खोचावा. आणि मुख्य म्हणजे बादली मोठी करावी. दर वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ऐकावे. पाच गोष्टी एकदम बदलून दोष गेला, तर आपल्याला कळले काहीच नाही असे होते. वर्गात मुलांना आपण चल राशी एका वेळी एकच बदलायला सांगतो, तो नियम आपल्यालाही लागू आहे.

जाता जाता एक. सतत ‘घूं’ असा खर्जातला आवाज येत असेल आणि चार्जर काढल्यावर तो थांबत असेल, तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा गुण आहे. त्यासाठी ड्रायव्हरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हरांची भाऊगर्दी

विंडोजवर आज्ञावली उघडून पाहिली तर आवाजाच्या वाटांची एक यादीच समोर येते: एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी, एएसआयओ. ही नावे म्हणजे एकाच गावाला जाणारे वेगवेगळ्या काळातले रस्ते आहेत. एमएमई सर्वांत जुना, १९९१चा. तेव्हा संगणकाकडून घंटी वाजवणे आणि थोडेफार बोलणे एवढीच अपेक्षा होती. वेळेची काटेकोर गरज नव्हती, म्हणून त्याच्या बादल्या मोठ्या. हा रस्ता लांबचा पण भरवशाचा आहे. १९९७ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग या संगीताची सॉफ्टवेअरे करणाऱ्या कंपनीने एएसआयओ ही पद्धत आणली. तिने मधली सगळी ठाणी वगळून आज्ञावलीची आणि यंत्राची थेट गाठ घालून दिली, त्यामुळे बादली लहान करता आली. पुढे २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर वासापी आली. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही एकच व्यवस्था प्रणालीच्या आतच बांधलेली असल्यामुळे तिथे ही निवड करावी लागत नाही.

यंत्र बनवणाऱ्याने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला असेल तर तोच वापरावा. दिला नसेल तर ‘एएसआयओ-फॉर-ऑल’ नावाचा सर्वांसाठीचा पर्याय मिळतो. पण तो त्या यंत्राची भाषा मुळातून जाणत नाही, तर विंडोजच्याच वाटेवर एएसआयओचा अंगरखा चढवतो. पुष्कळदा त्याने काम होते. मात्र एकाच यंत्रासाठी दोन-तीन ड्रायव्हर बसवून ठेवणे म्हणजे भांडण विकत घेणे.

वासापीत दोन तऱ्हा असतात. सामाईक तऱ्हेत सर्व आज्ञावलींचे आवाज विंडोज एकत्र मिसळते आणि सर्वांना एकच नमुनादर पाळावा लागतो. एकाधिकाराच्या तऱ्हेत यंत्र एकाच आज्ञावलीच्या ताब्यात जाते. ‘यंत्र उघडता येत नाही’ असा संदेश आला तर निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडते. मागे कुठेतरी ब्राउझर उघडा राहिलेला असतो किंवा दूरसभेची आज्ञावली मायक्रोफोन धरून बसलेली असते. ती बंद केली की वाट मोकळी होते.

पट्टी उतरते तेव्हा

आता सर्वांत घाबरवणारा, पण खरे तर सर्वांत निरुपद्रवी दोष. एका शाळेतल्या मुलांनी गावातल्या वृद्ध बाईंच्या ओव्या मुद्रित केल्या. घरी येऊन ऐकतात तो आवाज जड, पुरुषी आणि संथ. मुले हिरमुसली, शिक्षिकेला वाटले सगळे वाया गेले. घडले होते एवढेच की, मायक्रोफोन सेकंदाला ४८,००० नमुने देत होता आणि आज्ञावलीने ते ४४,१०० आहेत असे धरून फाइलवर तशी चिठ्ठी लावली होती. ४८,००० नमुने वाजवायला मग एका सेकंदाऐवजी सुमारे १.०९ सेकंद लागू लागले. पाच मिनिटांची ओवी साडेपाच मिनिटांच्या जवळ गेली आणि स्वर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने उतरला. पांढरी पाचमध्ये गायलेले गाणे काळी तीन आणि पांढरी चार यांच्या अधेमधे कुठेतरी येते. म्हणून पेटी कशीच जुळत नाही, आणि हीच या दोषाची खूण.

यात एकही नमुना हरवलेला नाही, फक्त चिठ्ठी चुकली आहे. ऑडॅसिटीत पट्ट्याच्या नावावर टिचकी मारून ‘रेट’मध्ये ४८,००० निवडले की आजीबाईंचा आवाज जसाच्या तसा परत येतो. ‘वेग वाढवा’ किंवा ‘स्वर चढवा’ असल्या प्रक्रिया मात्र करू नयेत. त्या नमुनेच नव्याने बनवतात, आणि इथे त्याची गरज नसते. पुढे असे होऊ नये म्हणून विंडोजच्या ध्वनी-मांडणीत, ड्रायव्हरच्या खिडकीत आणि आज्ञावलीत, तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवावा.

हा ४४,१०० असा अडनिडा आकडा आला कुठून, असे मुले विचारतीलच. सुरुवातीला आकड्यांतला आवाज साठवायला चित्रफितीची यंत्रे वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने बसवत. अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे आणि प्रत्येकात कामाच्या २४५ ओळी. युरोपी पद्धतीत ५० चित्रक्षेत्रे आणि २९४ ओळी. दोन्हींचा गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतो. शिवाय हा आकडा म्हणजे २१०चा वर्ग, २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार. गणिताच्या तासाला उपयोगी पडेल.

दोन घड्याळे

यूएसबी मायक्रोफोनमधून मुद्रण आणि संगणकाच्या स्वतःच्या भोकातून हेडफोनवर ऐकणे, अशी जोडणी पुष्कळ जण करतात. त्यात एक सूक्ष्म अडचण आहे. दोन्हींचे नमुने वेगवेगळ्या क्वार्ट्झ स्फटिकांच्या ठोक्यावर चालतात आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० भागांचा फरक धरला तर तासाभरात १८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. तीन मिनिटांच्या गाण्यात ते ९ मिलिसेकंद भरेल आणि कळणारही नाही, पण तासाभराच्या कीर्तनात शेवटी टाळ आणि मृदंग वेगळे पडतील. एएसआयओत साधारणपणे एका वेळी एकच यंत्र निवडता येते, त्याचे हेच कारण. हेडफोन मायक्रोफोनच्याच पेटीला लावावा, म्हणजे घड्याळ एकच राहते.

मुळीच आवाज नाही

इथे डोळे उपयोगी पडतात. मुद्रित पट्टा खूप मोठा करून पाहावा. रेषेवर बारीक लव दिसत असेल तर मायक्रोफोन जिवंत आहे, फक्त पातळी कमी आहे. कारण खऱ्या मायक्रोफोनला पूर्ण शांतता ठाऊकच नसते. खोलीचा गुंजारव आणि मंडलातल्या इलेक्ट्रॉनांची खसखस त्यात येतेच. पण रेषा पट्टीने आखल्यासारखी सपाट असेल, तर नमुने बहुधा आलेलेच नाहीत, येताहेत ती नुसती शून्ये. तेव्हा पातळी वाढवण्यात वेळ घालवू नये. मायक्रोफोनवरचे मूक-बटण दाबलेले आहे का, आज्ञावलीत भलताच मायक्रोफोन निवडला आहे का, आणि विंडोज १० किंवा ११ असल्यास गोपनीयतेच्या मांडणीत आज्ञावलींना मायक्रोफोन वापरायची परवानगी आहे का, हे पाहावे. परवानगी नसताना काही आज्ञावली तक्रार न करता शून्ये मुद्रित करत राहतात.

पुन्हा न होणारे मुद्रण असेल तेव्हा काय करायचे ते यावरून ठरवता येते. बादली १,०२४ किंवा त्याहून मोठी ठेवावी. उशीर वाढतो तो वाढू द्यावा, गाणाऱ्याला ऐकवायचेच असेल तर थेट पेटीतून. पातळी खालीच ठेवावी, कारण आकड्याची कमाल मर्यादा ओलांडून लाटेचे माथे सपाट झाले तर ते परत मिळत नाहीत, आणि हळू आवाज मात्र मागाहून वाढवता येतो. लहान बादली ही चैन ज्यांना संगणकातून सूर वाजवायचे आहेत त्यांच्यासाठी आहे.

वर्गात मोजण्यासारखे काही

उशीर किती आहे, हे अंदाजाने सांगायची गरज नाही. ज्या आज्ञावलीत बादलीचा आकार नमुन्यांत निवडता येतो अशी घ्यावी, आणि तिची उशिराची भरपाई बंद करावी. एका पट्ट्यावर एकच टिचकी असलेला आवाज ठेवावा. हेडफोनचा एक कान मायक्रोफोनला टेकवून ती टिचकी वाजवावी आणि त्याच वेळी दुसऱ्या पट्ट्यावर मुद्रित करावी. मग दोन टिचक्यांमधले नमुने मोजायचे. ते १,१५२ भरले आणि दर ४८,००० असला, तर उशीर २४ मिलिसेकंद.

मुलांना बादली बदलून चार आकडे काढू द्या आणि आलेख काढायला सांगा. आडव्या अक्षावर बादलीचे नमुने, उभ्या अक्षावर उशीर. ड्रायव्हर प्रामाणिक असेल तर बिंदू एका सरळ रेषेत येतात. समजा १२८ ला ९.३ मिलिसेकंद आले, २५६ ला १४.७, ५१२ ला २५.३ आणि १,०२४ ला ४६.७. रेषा मागे वाढवली तर ती मूळबिंदूतून जात नाही, उभ्या अक्षाला ४ मिलिसेकंदांपाशी छेदते. बादली कितीही लहान केली तरी हे ४ मिलिसेकंद जात नाहीत, ते मोजणाऱ्या मंडलांचे आणि यूएसबीच्या ने-आणीचे. दोन वेगवेगळ्या मायक्रोफोनांच्या रेषा एकाच कागदावर काढल्या तर चढ सारखाच दिसतो, छेदबिंदू मात्र वेगळे. आणि एखाद्या यंत्राचा चढच दुप्पट निघाला, तर त्याचा ड्रायव्हर न सांगता दोनाऐवजी चार बादल्या भरतो आहे असे समजावे.